महापुराचा गाळ, अठरा हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर आणि बफेलोचा बर्फ : कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका गल्लीचं प्रकरण

जेसीबी गल्लीच्या तोंडाशी आला. ड्रायव्हर खाली उतरला, दोन्ही बाजूंचे ओटे बघितले, वरच्या वायरी बघितल्या, मान हलवली आणि मशीन मागं घेऊन गेला. त्याची काही चूक नव्हती. गल्ली साडेआठ फूट, त्यात पायऱ्या एक-एक फूट पुढं आलेल्या. जेसीबी स्वतःच सात फुटांच्या वर रुंद. आत गेला असता तर परत यायला कुणाची तरी भिंत पाडावी लागली असती.

ही गोष्ट ऑगस्ट २०१९ ची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. घाटाकडं उतरणाऱ्या आमच्या गल्लीत खालच्या घरांचे पहिले मजले बुडाले, वरच्या घरांच्या उंबऱ्याला पाणी लागलं. पाणी ओसरलं तेव्हा खालच्या टोकाला अर्धा फूट गाळ होता, वरच्या टोकाला दोन-तीन इंच. ऐंशी मीटर लांबी, सरासरी चार इंच जाडी धरली तर सात ब्रासच्या वर माल होतो (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ओल्या गाळाचं वजन घनमीटरला दीड टनाहून जास्तच, म्हणजे एकूण ३५ टनांच्या आसपास. घरांतनं काढलेला गाळ, भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं हे वेगळंच.

पहिले दोन दिवस तालमीची पोरं फावडं-घमेली घेऊन भिडली. पंचवीस-तीस जण होते, कुणी अंग चोरलं नाही. दोन दिवसांत गल्लीची वीस मीटर लांबी निघाली. त्यातल्या चौघांच्या पायाला काचा लागल्या आणि डॉक्टरांनी लेप्टोच्या, म्हणजे घाण पाण्यातनं होणाऱ्या तापाच्या, गोळ्या सुरू केल्या. गमबूट न घालता त्या चिखलात उतरणं म्हणजे शुद्ध आचरटपणा, हे आम्हाला तेव्हा कळलं.

ट्रॅक्टर कसा आला

त्या वर्षी राखी पौर्णिमा आणि १५ ऑगस्ट एकाच दिवशी आले होते. पुरानं बंद पडलेला हायवे नुकताच परत सुरू झालेला. आक्का आणि दाजी कागलकडच्या गावातनं राखीला आले. गल्ली बघून दाजी म्हणाले, "पावणं, आपला बारका ट्रॅक्टर आणू काय?"

हा बारका ट्रॅक्टर म्हणजे दाजींनी द्राक्षबागायतदाराकडनं सेकंडहँड घेतलेला जपानी बनावटीचा तीन सिलिंडरचा डबा. अठरा हॉर्सपॉवर, रुंदीला साडेतीन फूट, काट्यावर वजन ६८० किलो. उसाच्या सरीतनं चालतो म्हणून त्यांनी तो जपलेला. पुढच्या चाकांचा ड्राइव्ह मात्र कधीच मेलेला, त्यामुळं ओढ सगळी मागच्या दोन चाकांची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिकअपमधनं उतरला तेव्हा तालमीची पोरं हसली. रिक्षाएवढं यंत्र आणि ३५ टन गाळ!

आमचं वर्कशॉप शिवाजी उद्यमनगरात. मशीनिंग, थोडं फॅब्रिकेशन, ऑइल इंजिनचे जुने पार्ट दुरुस्त करून देणं. ते उंचावर असल्यानं पुरातनं वाचलं होतं. म्हणजे एक ट्रॅक्टर होता, एक वेल्डिंग मशीन होतं, आणि तिसरी गोष्ट म्हणजे दाजींचा पोरगा, माझा भाचा, जो अमेरिकेत बफेलोजवळ राहतो.

भाच्याचा इथं संबंध काय, तर बफेलो हे ईरी सरोवराच्या काठावरचं गाव. सरोवरावरनं येणारा वारा पाणी उचलतो आणि गावावर बर्फ करून टाकतो. वर्षाला सरासरी ९० इंचांहून जास्त. बर्फ काढायला त्यानं नवं मशीन न घेता १९६० च्या दशकातलं एक कब कॅडेट घेतलंय. तिकडं याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात: बंगल्याभोवतीचं गवत कापायला, बाग नांगरायला आणि हिवाळ्यात पुढं पातं लावून बर्फ ढकलायला. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं हे कब कॅडेट १९६०-६१ च्या सुमारास बाजारात आणलं, सात हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं कोहलर इंजिन घालून. भाच्याचं थोडं नंतरचं, बारा हॉर्सपॉवरचं. त्याच कंपनीच्या तंत्रावर साठच्या दशकात महिंद्राचा बी-२७५ ट्रॅक्टर आपल्याकडं बनला. आमचे आबा त्याला शेवटपर्यंत 'इंटरनॅशनल'च म्हणायचे. भाचा या जुन्या यंत्राच्या प्रेमात का पडला, हे उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गिअरबॉक्स बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, चाकाला ताकद बेल्टनं न जाता शाफ्टनं जाते, आणि सगळं मिळून अंगात वजन आहे. ढकलायच्या कामाला वजन लागतं.

पहिला दिवस : केणी

१६ तारखेला आम्ही सगळ्यात सोपं ते केलं. दाजींची शेत सपाट करायची केणी मागं जोडली आणि ट्रॅक्टर पुढं हाणला. दहा मीटरवर चाकं जागेवर फिरायला लागली. कारण उघड होतं, पण आम्हाला दिसलं नाही: केणी मागं असल्यामुळं चाकं आधी गाळात जातात, तो दाबतात, घोटतात आणि मग पातं त्यावरनं नुसतं घसरतं.

सकाळचे सात म्हणजे भाच्याकडं आदल्या रात्रीचे साडेनऊ. व्हिडिओ कॉलवर त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मामा, आमच्याकडं नवखी माणसं पहिल्या हिवाळ्यात हेच करतात. चाकानं बर्फ दाबला की त्याची फरशी होते, मग निघत नाही. केणी उलटी फिरवा आणि रिव्हर्समध्ये ढकला."

तसं केलं. थोडं जमलं. पण मागच्या हायड्रॉलिक आर्मला पातं उचलता येतं, दाबता येत नाही. ते आपल्या वजनानं जेवढं बसेल तेवढंच. घट्ट गाळ आला की पातं वर चढायचं. शिवाय चालवणाऱ्यानं मान किती वेळ मागं वळवून धरायची? दुपारी दाजींची मान एका बाजूला अडकली ती आक्कानं तेल चोळेपर्यंत सुटली नाही.

त्याच दिवशी आमच्याकडनं एक मोठी चूक झाली. काढलेला गाळ कुठं टाकायचा हे ठरवलंच नव्हतं. उतार खाली, म्हणून ढकलत खाली नेला, आणि कोपऱ्यावरच्या गटाराच्या जाळीत अर्धा ब्रास गेला. गटार तुंबलं. तासाभरात दोन घरांत, जी पोरांनी आदल्या दिवशी धुऊन काढली होती, पुन्हा काळं पाणी. त्या घरातली काकी खराटा घेऊन बाहेर आली. तिनं जे ऐकवलं त्यातलं छापण्यासारखं एवढंच: "अरं, नदीनं एकदा घातलं, आता तुम्ही दुसऱ्यांदा घालालायसा!"

भाच्याला सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, तिकडं पहिला बर्फ पडायच्या आधीच ढीग कुठं घालायचे ते ठरवतात, आणि पहिल्या फेरीला गरजेपेक्षा जास्त रुंद साफ करतात. कारण कडेचे ढीग हिवाळाभर आत सरकत येतात आणि फेब्रुवारीत वाट उरत नाही. आम्ही संध्याकाळी तालमीसमोरची मोकळी जागा ढिगासाठी ठरवली. तिथं जेसीबी पोचू शकत होता. गटाराच्या जाळीवर जुना पत्रा टाकून त्यावर दगड ठेवले. हे काम दहा मिनिटांचं होतं. सकाळी केलं असतं तर काकीचं ऐकावं लागलं नसतं.

पातं, आणि चेंबरचं झाकण

त्या रात्री वर्कशॉपमध्ये पुढचं पातं बनवलं. भंगारात वीस इंची पाण्याच्या पाइपचा तुकडा होता, सहा एमएम जाडीचा. तो चार फुटांवर कापला आणि उभा चिरून तिसरा हिस्सा घेतला. साधारण सतरा इंच उंचीचं, आपोआप गोलाई आलेलं, तीसेक किलोचं पातं तयार. गोलाई महत्त्वाची: सपाट पत्र्यासमोर माल नुसता साठतो, गोल पात्यावर तो वर चढून पुढं लोळतो. उचलायला पुलीवरनं वायर रोप घेऊन मागच्या हायड्रॉलिक आर्मला बांधला. आर्म वर गेला की पुढचं पातं वर. जुगाड होता, पण शेवटपर्यंत टिकला.

चूक केली ती फ्रेममध्ये. पुढं पातं, म्हणून फ्रेम पुढच्या अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटलाच चार बोल्टनं धरली. रात्री दोन वाजता दुसरं काही सुचतही नाही.

१७ ला सकाळी पहिल्या वीस मीटरला काम झकास झालं. पोरं शिट्ट्या मारत होती. मग गाळाखाली लपलेलं चेंबरचं झाकण आलं, रस्त्यापासून इंचभर वर. पात्याची कड त्याला अडली, मागनं ट्रॅक्टर येतच राहिला, आणि ठण्‌ असा आवाज होऊन चारपैकी तीन बोल्ट तुटले. चौथा वाकला. पातं ट्रॅक्टरच्या पोटाखाली गेलं. दाजी स्टिअरिंगवर आपटले, ओठ फुटला. वेग ताशी दोन किलोमीटरसुद्धा नसेल, म्हणून तेवढ्यावर भागलं.

भाच्याकडं तेव्हा मध्यरात्र. तरी तो उठून शेडमध्ये गेला, टॉर्च लावून त्यानं आपल्या कब कॅडेटच्या खालनं फोटो काढले आणि विचारलं, "मामा, पुढच्या अ‍ॅक्सलला धरलाय काय?" फोटोत दिसत होतं ते असं. पात्याचे दोन लांब हात ट्रॅक्टरच्या पोटाखालनं मागं जातात. ढकलण्याचा सगळा जोर ट्रॅक्टरच्या मागच्या जड भागावर येतो, जिथनं ताकद चाकाला जाते. पुढचा अ‍ॅक्सल फक्त वळायला असतो, त्याच्यावर धक्का घ्यायचा नसतो. आणि पात्याच्या वरच्या अंगाला दोन स्प्रिंगा. कड कशाला अडली की पातं पुढं मान टाकतं, अडथळ्यावरनं जातं आणि स्प्रिंग त्याला परत उभं करते.

माझी पंचवीस वर्षं मशीनवर गेली. हे मला न विचारता सुचायला हवं होतं.

दिवसभर बसून नवी फ्रेम केली. दोन सी-चॅनेल पोटाखालनं मागच्या अ‍ॅक्सल हाउसिंगपर्यंत नेले, तिथं क्लॅम्प करून पिन टाकली. स्प्रिंगा जुन्या रिक्षाच्या शॉकअपच्या, रॉडवर ओवून वॉशर-नटनं ताणलेल्या. कडेला लोखंड ठेवलं नाही. फाउंड्रीत वाळू वाहणाऱ्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा, बारा एमएम जाड, दोन इंच खाली लोंबता ठेवून पट्टीनं कसला. तो फरशीवरनं वाकून जातो, झाकणाला धडकत नाही आणि पातळ चिखल पुसून काढतो. कोल्हापुरात असा बेल्ट शोधायला लांब जावं लागत नाही.

वजनाचा हिशोब

फ्रेम झाली तरी प्रश्न होता चाकं फिरण्याचा. इथं मी कागदावर हिशोब मांडला, आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा मुद्दा हाच आहे.

पात्यासमोर साठणारा ओला गाळ अडीचशे किलोच्या आसपास. तो रस्त्यावरनं सरकवायला दीडशे किलोचा रेटा तरी लागणार. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर वजन होतं साधारण ४३०. ओल्या, बुळबुळीत काँक्रीटवर त्यातलं फार तर तीस टक्के रेट्याच्या रूपात मिळतं, म्हणजे १३० किलो. दीडशे हवेत आणि आहेत एकशे तीस. इंजिन अठराऐवजी पन्नास हॉर्सपॉवरचं असतं तरी चाकं तेवढ्याच ठिकाणी, फक्त जास्त जोरात फिरली असती.

तुलनेला बर्फ घ्या. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला शंभर किलो किंवा त्याहून हलका. आमच्या गल्लीत गाळाऐवजी तेवढाच बर्फ असता तर ३५ टनांच्या जागी दोन टन. म्हणून बारा हॉर्सपॉवरचं म्हातारं यंत्र तिकडं आरामात काम करतं. पण तिथंही मागच्या चाकांना बीडाची वजनं बांधतातच, टायरमध्ये पाणी भरतात आणि साखळ्या घालतात. साधं पाणी थंडीत गोठतं म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळत, पण त्यानं रिम गंजून जायची. आता बीटच्या साखरेतनं उरलेला रस मिळतो, तो भरतात. हे ऐकून दाजींना फार बरं वाटलं. साखरेच्या गावचा माणूस! "आपल्या मळीवर कुणी बघितलं नाही अजून," म्हणाले.

आम्हाला गोठण्याची भीती नव्हती. नळाला पाणी नव्हतं, पिण्याचं टँकरनं येत होतं, ते टायरात ओतायची कुणाची छाती? विहिरीचं गढूळ पाणी भरलं, चाकाला चाळीस लिटर. वजनासाठी वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडलेल्या बंद ऑइल इंजिनांची दोन फ्लायव्हील काढली, एकेक चाळीस किलोचं, आणि मागच्या चाकांना आतनं बोल्ट केली. जुनी बीडाची चाकं, ज्यांनी कधीकाळी कुणाच्या तरी मळ्याला पाणी पाजलं असेल. चाकांवर आणखी १६० किलो आले. लक्ष्मीपुरीतनं आठ एमएमची साखळी आणून शिडीसारखी गुंफली आणि टायरावर चढवली. साखळी गाळ कापून खालच्या काँक्रीटपर्यंत पोचते, त्यामुळं पकड तीस टक्क्यांवरनं पंचेचाळीसच्या पुढं गेली असावी. म्हणजे रेटा अडीचशे किलोच्या वर.

१८ ला सकाळी ट्रॅक्टर गल्लीत घातला. पातं भरलं, गाळाची लाट वर चढली, पुढं लोळली, आणि चाक एकदाही फिरलं नाही. यावेळी शिट्टी कुणी वाजवली नाही. सगळे बघत राहिले.

जिथं बर्फाचं शहाणपण लागू पडलं नाही

भाचा सांगत होता, थांबू नका. त्याच्याकडं बर्फ चार-सहा इंच झाला की वादळ चालू असतानाच एक फेरी मारतात. पडून राहिला की तो बसतो, गोठतो आणि पातं वर चढवतो. गाळाचं तसं नाही. १६ तारखेला तो पातळ होता, पात्याच्या दोन्ही कडांनी निसटून जायचा, कारण घराघरांतनं लोक पाणी मारून धुवत होते आणि ते सगळं गल्लीत येत होतं. उन्हात चार दिवस राहिला की त्याची वीट. मधे एक दिवस असा असतो की पाणी निथळलेलं असतं आणि ओल टिकून असते. बोटानं दाबला तर ठसा राहतो, बोटाला चिकटत नाही. गुळव्याला जशी काहिलीतल्या पाकाची वेळ कळते, तशीच ही वेळ ओळखावी लागते. ती वेळ आणायला आम्ही सगळ्या घरांना विनवणी केली: आधी गाळ सुका काढून बाहेर टाका, पाणी दुपारनंतर मारा. ट्रॅक्टर बांधायला जेवढा वेळ गेला, त्याहून जास्त या विनवण्यांत गेला.

दुसरं, पातं तिरकं करणं. बर्फ तिरक्या पात्यानं कडेला फेकत जातात. आमच्या गल्लीत कडेला म्हणजे कुणाच्या तरी उंबऱ्यावर. एकदाच करून बघितलं, आणि काकी परत खराटा घेऊन आली. त्यानंतर पातं सरळ.

तिसरं, बर्फ काढून जो पातळ थर राहतो तो उन्हानं जातो. गाळाचा थर राहतो, वाळून धूळ होतो आणि घशात जातो. तो शेवटी टँकरच्या पाण्यानं, खराट्यानं आणि ब्लीचिंग पावडर मारूनच गेला.

बाकी किरकोळ. रेडिएटरच्या जाळीत चिखल बसून इंजिन दोनदा तापलं, मग दर तासाला ब्रशनं साफ करायचं ठरलं. क्लच अर्धा दाबून चालवायची दाजींची सवय मोडावी लागली, जळका वास येत होता. वरच्या टोकाच्या शहाबादी फरशीवर साखळीनं चरे पाडले, तिथं साखळी काढून चालवला.

१८ आणि १९ मिळून सोळा तास ट्रॅक्टर चालला. तीस लिटर डिझेल, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. गल्लीतला गाळ तालमीसमोर, तिथनं जेसीबीनं डंपरमध्ये. गणपतीला पंधरा दिवस उरले होते आणि मांडव नेहमीच्या जागी पडला.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: घरांच्या आतला गाळ शेवटपर्यंत माणसांनीच काढला. ट्रॅक्टर उंबऱ्यापर्यंत जातो. स्वयंपाकघरातलं पीठ, चिखल आणि गोडेतेल यांचं जे एक मिश्रण झालं होतं, त्याला पातं लावायला कुठलंच यंत्र पुढं आलं नाही. ते काम बायकांनी केलं, आणि त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

दोन वर्षांनी

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ ची पातळी ओलांडल्याची बातमी आली त्या संध्याकाळी दाजींचा फोन: "पावणं, पिकअप भरून ठेवू काय?" पातं वर्कशॉपच्या भिंतीला टांगलेलं होतं. पिना डब्यात, साखळी ग्रीस लावून गोणपाटात. ढिगाची जागा पाणी यायच्या आधीच खडूनं आखली. गटाराच्या जाळीवर पत्रा घालायला काकी स्वतः उभी होती.

ओसरल्यावर ट्रॅक्टर आला. पातं चढवलं, पाणी भरलं, आणि फ्लायव्हील बसवायला घेतलं तर एकच. दुसरं कुठं गेलं म्हणून सगळे शोधत बसले. शेवटी आक्का म्हणाली, गोठ्याचं दार वाऱ्यानं आपटतं म्हणून यांनीच ते दाराला टेकवून ठेवलंय, दीड वर्ष झालं. दाजी गुपचूप पिकअप घेऊन कागलला परत गेले.